फुलं येण्याआधी टेकडीवर या

गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या टेकडीच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली होती. अख्खा उतार नारिंगी-पिवळ्या फुलांनी भरला होता आणि माणसं त्या फुलांत बसून फोटो काढत होती. एक आई आपल्या लहान मुलीला म्हणाली, "बघ, कासला जायला नको आता. आपल्या घरामागंच कास आलंय." मला तिच्याशी बोलावंसं वाटलं, पण बोलवलं नाही. सुट्टीच्या सकाळी कुणाच्या आनंदावर विरजण कसं घालायचं? तेव्हा जे राहून गेलं ते आता लिहितो आहे.

ताई, ती फुलं कॉसमॉसची होती. मेक्सिकोकडचं हे झाड शोभेसाठी बागांत आलं, पाकिटातून विकलं गेलं, रस्त्याकडेला पेरलं गेलं आणि कुंपण ओलांडून डोंगरावर चढलं. पंधरा वर्षांपूर्वी याच उतारावर भाद्रपदात सोनकी आणि तेरडा असायचा, मध्ये मध्ये निळी-जांभळी बारीक फुलं, आणि सगळ्यांवरून वाऱ्याबरोबर लवणारं गवत. रंग तेव्हाही होता, पण तो अनेकांचा मिळून होता. आज एकाच झाडाचा आहे. तुमच्या मुलीनं पाहिलेला उतार फुललेला दिसतो खरा, पण त्या फुलोऱ्याखाली टेकडीची जुनी वस्ती उठत चालली आहे.

हे घडतं कसं ते जवळून पाहिलं की कळतं. पहिला पाऊस पडला की कॉसमॉसचं बी दाटीवाटीनं उगवतं. दोन महिन्यांत रोप कमरेला लागतं. आपल्या माळावरच्या वनस्पती मात्र बुटक्या. आषाढ आमरीचं पांढरं फूल जमिनीपासून जेमतेम वीतभर वर येतं. मुसळी आणि तिच्यासारखे कंद पावसाळ्याच्या चार महिन्यांत पानं काढतात, अन्न साठवतात आणि पुन्हा मातीत गुडूप होतात. त्यांना हवं असतं ते मोकळं ऊन. डोक्यावर कॉसमॉसचं छप्पर आलं की कंद पुरेसा भरत नाही. पुढच्या वर्षी तो आणखी अशक्त उगवतो, मग कधीतरी उगवतच नाही. ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण टेकडी तर हिरवीच दिसत असते.

इथंच आपली मोठी चूक होते. हिरवं दिसलं की आपण निर्धास्त होतो. माळ म्हणजे ओसाड, गवत म्हणजे काहीच नाही, असं आपण धरून चाललो. सरकारी कागदावर माळाला 'पडीक' म्हटलं गेलं आणि मग त्या पडीक जमिनीचं भलं करायला आपण ग्लिरिसिडिया लावला, सुबाभूळ लावली. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता. उघडे डोंगर झाकायचे होते आणि ही झाडं कमी पाण्यात भराभर वाढत होती. आज पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडियाच्या दाट राईत शिरून खाली पाहा. पवन्या, मारवेल, कुसळी यांपैकी किती गवतं तिथं सापडतात ते मोजा. गवत गेलं की त्यात घरटं करणारा चंडोल जातो, तित्तर जातो. मेंढरं घेऊन दरवर्षी येणारे एक धनगरमामा गाजर गवताकडे काठी दाखवून मला म्हणाले होते, "मेंढरू ज्याला तोंड लावत नाय, ते गवत कसलं?" मी वाचलेल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा ती मला नेमकी वाटते.

गाजर गवताची गोष्ट तर पुण्याला विसरता येणार नाही. भारतात या झाडाच्या उपद्रवाची पहिली ठळक नोंद १९५६ साली पुण्यातूनच झाली. शहरातल्या कचऱ्याच्या ढिगांवर तेव्हा त्याची मोजकी रोपं दिसली होती. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं लोक मानतात, म्हणून त्याला काँग्रेस गवत हेही नाव पडलं. त्याच्या एका झाडाला हजारो बिया धरतात. त्या मोजक्या रोपांच्या वेळी कुणी वाकलं असतं तर? आज देशाच्या कानाकोपऱ्यात ते आहे. शेतकऱ्याच्या हातापायांना खाज सुटते, कातडी फुटते, कुणाला दमा जडतो. आपल्या टेकडीवर आज कॉसमॉसचा एखादाच पट्टा असेल तर ती १९५६ची वेळ आहे असं समजा.

एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. परदेशातून आलेल्या झाडांशी माझं भांडण नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचाच, आणि मिरची, बटाटा, पेरूही अमेरिका खंडातून आलेले. ते आपल्या अंगणात आणि शेतात, आपण लावू तिथं राहिले. जे झाड कुणी न लावता पसरतं आणि पसरताना शेजाऱ्याला जगू देत नाही, त्याच्याबद्दल हे बोलणं आहे. आपल्या गावकऱ्यांनी ते केव्हाच ओळखलं होतं. कोकणात आणि कोल्हापूरकडच्या डोंगरांत एका झुडपाला लोक रानमोडी म्हणतात, कारण ते रान मोडतं. घाणेरी, वेडी बाभूळ, चटकचांदणी ही नावंसुद्धा पाहून, सोसून ठेवलेली आहेत.

म्हणून पहिलं काम ओळखण्याचं. ते किती महत्त्वाचं हे आम्ही नुकसान करून शिकलो. पहिल्या वर्षी आम्ही दहा-बारा जण उत्साहानं चढलो आणि पिवळं दिसेल ते उपटत सुटलो. दुपारी ढीग पाहिला तर त्यात सोनकीची रोपं होती, पुष्कळ होती. जी वाचवायला गेलो तीच आम्ही उपटली होती. ती परत लावताही आली नाहीत. त्या दिवसापासून नियम केला: नाव सांगता आल्याशिवाय हात लावायचा नाही.

कॉसमॉसची पानं खोडावर समोरासमोर येतात आणि नेच्यासारखी चिरलेली असतात. सोनकीची पानं एकाआड एक, अखंड, कडेला दाते असलेली. एवढा फरक बोटांना कळला की फूल यायची वाट पाहावी लागत नाही. कॉसमॉसचं बी काळं, सुईसारखं लांब, टोकाला काटे असलेलं. टेकडी उतरल्यावर मोज्यांत अडकलेलं जे सापडतं तेच. गाजर गवत लहानपणी जमिनीला चिकटून गोल पसरतं, पानं गाजराच्या पाल्यासारखी. मग मधून खोड उभं राहतं आणि चांदण्यांसारखी बारीक पांढरी फुलं येतात. घाणेरी तर डोळे मिटूनही ओळखता येते: चौकोनी खोड, उलटे वळलेले काटे, खरखरीत पान आणि ते चुरडल्यावर येणारा उग्र वास. शंका आली तर रोप सोडून द्या, फोटो घ्या, जाणत्याला दाखवा. सुटलेलं एक रोप पुढच्या आठवड्यात काढता येतं.

दुसरं काम वेळेचं, आणि माझा सगळा आग्रह त्याच्यासाठी आहे. लोक टेकडीवर येतात ते फुलं आल्यावर. तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण फुलामागोमाग बी धरतं आणि उपटण्याच्या खटाटोपात आपणच ते झटकत जातो. यायचं ते श्रावणात. माती ओली असते, रोप गुडघ्याएवढं असतं, एका हातानं मुळासकट निघतं. तेव्हा काढलेली रोपं खडकावर मुळं वर करून वाळवली तरी चालतं. फुलं आली असतील तर मात्र पोत्यात भरूनच खाली आणायची. गाजर गवताला हातमोजे घालून, नाकातोंडाला रुमाल बांधूनच हात लावावा. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी ते काम दुसऱ्याला द्यावं. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४मध्ये आपल्या देशात सोडला गेला. पावसाळ्यात पानांवर तो दिसला तर मारू नका. रिकाम्या झालेल्या जागी टाकळ्याचं बी टाकलं तर तो गाजर गवताला दाबतो.

घाणेरीचं प्रकरण दमाचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आलेलं हे झुडूप. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग त्यानं व्यापला आहे. नुसती छाटली तर ती दुप्पट फुटते, जाळली तर राखेतून येते. दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी रुजवलेली पद्धत साधी आहे: जमिनीखाली साधारण तीन इंचांवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मग जिथं बुलबुल बसतात त्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षं फेरी मारायची, कारण फळं खाऊन पक्षी तिथंच बी टाकतात. एकदम सगळी काढू नये. उघड्या उतारावर तीच पाखरांचा आडोसा असते. थोडी काढावी, गवताचं बी टाकावं, ते धरलं की पुढं सरकावं.

आणि तिसरं, सर्वांत अवघड: परत यायचं. मातीत जुनं बी पडून असतं आणि ते एका पावसात संपत नाही. एका रविवारी दोनशे माणसं येऊन गेली तर फोटो चांगले निघतात. पण तीन वर्षं न चुकता येणारी दहा माणसं टेकडी वाचवतात. म्हणून माझी विनंती अशी की एक टेकडी निवडा, तिच्यावरचा घरच्या अंगणाएवढाच तुकडा निवडा, एक झाड निवडा. तेवढ्यापुरते तीन पावसाळे द्या.

टेकडी वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्या. वनरक्षकाला बरोबर घेतलंत तर वाटा आणि झाडं दोन्ही तो तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो. गावाकडे असाल तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा की आपली जैवविविधता व्यवस्थापन समिती कोण चालवतं. २००२च्या कायद्यानं ती प्रत्येक ठिकाणी असायला हवी आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवहीही हवी. गावात कुठलं आक्रमक झाड कुठल्या शिवारात, कुठल्या वर्षी आलं हे त्या वहीत लिहा. पुढची पिढी तुमच्या त्या एका ओळीवरून काम सुरू करेल. शिक्षकांनो, एक तास वर्गाबाहेर न्या आणि मुलांना दहा गवतांची नावं शिकवा. धनगर, गुराखी, गावातल्या म्हाताऱ्या बाया हे तुमचे पाहुणे शिक्षक. रोपवाटिकावाल्यांनो, कॉसमॉसची पाकिटं डोंगराजवळच्या गिऱ्हाईकाला विकू नका. पावसाळ्यात बियांचे गोळे फेकणाऱ्या मित्रांनो, गोळ्यात काय आहे हे आधी विचारा, आणि माळावर तर फेकूच नका. ट्रेकला जाणाऱ्यांनो, गाडीत बसण्यापूर्वी बूट-मोजे झाडा आणि ते बी कागदात गुंडाळून घरी न्या. आज तुम्ही या टेकडीवर आहात, पुढच्या रविवारी कुठल्या तरी गडावर असाल.

आमचा तुकडा पाण्याच्या टाकीमागचा, दोन गुंठ्यांचाही नसेल. यंदा तिसरं वर्ष. जूनमध्ये कॉसमॉस उगवला, पण विरळ, आणि जुलैच्या मध्यावर मारवेलच्या बुडख्यांमधून आषाढ आमरीची फुलं वर आली. आम्ही गुडघ्यांवर बसून मोजली. सात होती.

त्या मायलेकींना मी ती दाखवू इच्छितो. या श्रावणातल्या दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही तिथं असतो. येताना हातमोजे, खुरपं, एक रिकामं पोतं आणि पिण्याचं पाणी आणा. अंगभर कपडे घाला. मुलांना जरूर आणा. खाली बसून पानं ओळखण्यात ती आपल्यापेक्षा तरबेज असतात.