गिअर मोजावा की ओळखावा?

आदर्की घाटातून फलटणकडे उतरणारी जुनी बुलेट कितव्या गिअरमध्ये आहे, हे चालवणाऱ्याला दिसत नाही. पायाचा दांडा दर वेळी मूळ जागी परततो. (१९७२ साली आलेल्या चेतक स्कूटरच्या मुठीवर निदान आकडे तरी होते!) तेव्हा गिअरदर्शक जरूर बसवावा. मात्र दांडा किती वेळा दाबला, ते मोजणारा नको. एकदा गिअर पडला नाही, की पुढचे सारे आकडे चुकतात. दुसरा समजून तिसऱ्यात उतरलात, तर इंजिनाचा रोध कमी पडतो आणि सारा भार ब्रेकवर येतो.

त्यापेक्षा चाकाला चुंबक लावून त्याचे फेरे मोजा आणि इंजिनाच्या फेऱ्यांना त्यांनी भागा. प्रत्येक गिअरचे उत्तर ठरलेले असते. जुन्या पेटीला भोकही पाडावे लागत नाही. क्लच दाबलेला असताना मात्र त्या उत्तरावर विसंबू नका.