जहाजाआधीच्या दोन रात्री

परदेशी बंदरातून क्रूझवर जायचे असेल तर जहाज सुटण्याच्या दोन रात्री आधी त्या शहरात मुक्कामाला पोचणे शहाणपणाचे असते. पहिले कारण सरळ आहे. जहाज प्रवाशासाठी थांबत नाही. सुटण्याच्या किमान तासभर आधी दारे बंद होतात. विमान चुकले किंवा बॅग मागे राहिली, तर पुढचे बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावे लागते. दुसरे कारण शरीरातल्या घड्याळाचे, म्हणजे जेट लॅगचे. बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याहून निघणाऱ्याच्या बाबतीत तिसरेही एक कारण असते. ते सहलीच्या माहितीपत्रकात छापलेले नसते, कारण ही पत्रके मुंबई विमानतळापासून सुरू होतात.

शरीराचे घड्याळ मेंदूतल्या एका इवल्याशा केंद्रात असते आणि त्याला मुख्यतः उजेडावरून वेळ कळते. बहुतेकांमध्ये त्याचा एक फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे दिवस लांबवणे त्याला सोपे जाते, आखडणे अवघड. म्हणून पश्चिमेकडे जाताना त्रास कमी होतो आणि पूर्वेकडे जाताना जास्त. ढोबळ हिशेबाने पूर्वेला रोज एक तास आणि पश्चिमेला रोज एक ते दीड तास इतकेच ते सरकते. बोटीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. बाबासाहेब आंबेडकर १९१३च्या जूनमध्ये मुंबईहून निघाले आणि जुलैत न्यूयॉर्कला उतरले. इतक्या सावकाश प्रवासात घड्याळाचे काटे रोज थोडेथोडे मागे घेतले जात आणि शरीर त्यांच्याबरोबर चालत राही. विमान तेच अंतर एका दिवसात कापते, शरीर मागेच राहते.

तिसरे कारण जागरणाचे. जेट लॅग आणि जागरण वेगळे. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या चौसाळ्याहून मुंबईला जायचे म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स, नाहीतर मांजरसुंब्याहून पाटोदा-जामखेडमार्गे पुण्याकडे जाणारी गाडी. युरोप आणि आखाताकडची बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे एक रात्र रस्त्यावर, दुसरी विमानतळावर आणि विमानात. ऊसतोडीचा हंगाम पाहिलेल्या बीड जिल्ह्याला रात्रीचा प्रवास नवा नाही आणि सकाळी उतरून कामाला लागायची सवयही जुनीच. पण परदेशी उतरल्यावर जो गळाठा येतो, त्यातला बराचसा या दोन रात्रींचा असतो आणि नाव मात्र जेट लॅगचे होते. जागरण एका चांगल्या झोपेने फिटते. जेट लॅग झोपेने फिटत नाही, त्याला दिवस द्यावे लागतात. म्हणून पहिला मुक्काम बंदराच्या शहरात नव्हे, पुण्यात किंवा मुंबईत हवा.

समजा, जूनमधल्या एका रविवारी सायंकाळी बार्सिलोनाहून जहाज सुटणार आहे. मग बुधवारी सकाळी, दिवसाउजेडी चौसाळा सोडावे आणि रात्र नातेवाइकांकडे किंवा लॉजवर पूर्ण झोपून काढावी. तिकिटावर ‘शुक्रवार, पहाटे ३’ असे छापलेले असेल तर विमानतळावर गुरुवारी रात्रीच पोचायचे असते. या एका तारखेच्या घोळात अनेकांची विमाने हुकतात. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बॅगेत चालते. पेढे, खवा, तूप मात्र नेऊ नये, कारण युरोपीय संघात प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणता येत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. जहाज वाटेत तुर्कस्तानासारख्या शेंगेनबाहेरच्या देशात जाणार असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा.

आखातात विमान बदलून शुक्रवारी दुपारी बार्सिलोनाला उतरले की उन्हाळ्यात भारताचे घड्याळ साडेतीन तास पुढे असते. पाचला उठणाऱ्या माणसाला तिथे रात्री दीडलाच जाग येणार आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्या साडेनऊला, डोळे जड होणार. इथे उजेडाची वेळ महत्त्वाची. नेहमीच्या उठण्याच्या दोनतीन तास आधी शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते. त्या क्षणाआधी मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे. पाचला उठणाऱ्याचा हा क्षण बार्सिलोनाच्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास येतो. तिथे जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो. म्हणजे संध्याकाळचे सगळे ऊन उपयोगाचे. हॉटेलात सामान टाकून अर्ध्या तासाहून जास्त झोपू नये. रांब्ला या रस्त्यावरून कोलंबसच्या स्तंभापर्यंत आणि पुढे बार्सिलोनेताच्या किनाऱ्यावर चालत राहावे (खिसा सांभाळून, कारण रांब्ला पाकीटमारांसाठीही प्रसिद्ध आहे). स्पॅनिश खानावळींत रात्रीचे जेवण आठ-साडेआठच्या आधी मिळणे कठीण. तोवर पोट थांबत नसेल तर जवळच्या रावाल वस्तीत भारतीय आणि पाकिस्तानी दुकाने, उपाहारगृहे आहेत. दीडला जाग आलीच तर दिवा आणि मोबाइल दोन्ही बंद ठेवून पडून राहावे. गावाकडच्या नातवंडांना त्या वेळी व्हिडिओ कॉल करण्याचा मोह फार असतो आणि तोच सगळ्यात घातक.

शनिवारी सकाळी लवकर उन्हात जाण्याची घाई नको. साग्रादा फामिलिया हे १८८२मध्ये सुरू झालेले चर्च पाहायचे तर अकराच्या सुमाराची वेळ आधीच आरक्षित करावी. त्या दिवशी एवढे एकच ठिकाण पुरे. दोन दिवसांत आठ ठिकाणे दाखवणारे सहलीचे वेळापत्रक साठीच्या पुढच्या माणसावर अन्यायच करते, कारण पुढे जहाजावर सात दिवस तेच शरीर न्यायचे असते. अशा रीतीने वागल्यास रविवारपर्यंत साडेतीनपैकी दोन-तीन तासांचा फरक भरून निघतो. मुक्काम प्लासा दे कातालुन्या आणि बंदर यांच्या दरम्यान असावा. विमानतळाची बस त्या चौकापर्यंत येते आणि बंदरही तिथून दूर नाही.

जहाजावरची सर्वांत स्वस्त खोली आतली, बिनखिडकीची. तिच्यात दिवस उगवलेला कळत नाही. पैसे वाचवायला ती घ्यावी, पण पहिले तीन दिवस जागेपणी शक्य तितका वेळ डेकवर घालवावा. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तेव्हा त्यांचाही हिशेब धरावा. चढल्याबरोबर सुरक्षा-कवायत असते. २०१२च्या कोस्टा कॉनकॉर्डिया जहाजाच्या दुर्घटनेनंतर ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले.

सिंगापूरचे गणित याहून निराळे. तिथले घड्याळ अडीच तास पुढे आहे. पाचला उठणारा माणूस तिथे साडेसातला उठतो, म्हणजे शहरी पाहुण्यासारखाच. जेट लॅगसाठी तिथे आधी राहण्याची गरज नाही, जागरणासाठी एक रात्र पुरते. मायामीला हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो आणि दोन रात्रींत तो मिटत नाही. तिथे सुरुवातीला दुपारी चारपर्यंतचे ऊन घ्यावे आणि त्यानंतर काळा चष्मा लावावा. अमेरिकेतल्या मुलाकडे आधीच महिनाभर राहून मग जहाज पकडणारे आईवडील या बाबतीत सर्वांत नशीबवान. उलट, डिसेंबरात न्यू जर्सीहून येऊन आईवडिलांना मुंबई-गोवा क्रूझवर नेणाऱ्या मुलांनी आधी चौसाळ्याला यावे आणि जहाज दुसऱ्या आठवड्यात ठेवावे. उतरल्याउतरल्या मुंबईचा बॅलार्ड पिअर धक्का गाठला तर दुपारी जहाजावर झोप आणि पहाटे तीनला लख्ख जाग, एवढेच हाती लागते.

मेलाटोनिनची गोळी पूर्वेच्या प्रवासात झोपण्याच्या वेळी घेतल्यास उपयोगी पडते. साडेतीन तास पश्चिमेला जायला तिची गरज नाही. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने किंवा फिटचा त्रास असणाऱ्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी लांबलेल्या दिवसातले डोस निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत.

परतीचा प्रवास पूर्वेकडचा, म्हणून अवघड. साडेतीन तासांना तीनचार दिवस जातात. पहिले काही दिवस बारा-एकपर्यंत झोप लागत नाही आणि सकाळी आठनंतरही उठवत नाही. मुंबईला विमान पहाटे उतरले तर तसेच गाडीत बसून चौसाळ्याकडे निघू नये. एक रात्र पुण्यात काढावी आणि गाडी चालवायला गावाहून दुसऱ्या कुणाला बोलवावे.