शुश्रूषेची पाळी वाया जाते काय?

टेबलाभोवती बसून फाशांनी खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत एक सिद्धान्त फार रूढ झाला आहे: लढाई चालू असताना सोबत्याला बरे करण्यात आपली पाळी दवडू नये, शत्रूला ठार करणे हीच खरी शुश्रूषा. सिल्वासात सुटीला जमणारी आमच्या नात्यातील मुलेही हेच बजावून सांगतात. या सिद्धान्ताला माझा विरोध आहे.

हिशेब त्यांच्या बाजूने आहे, हे मान्य. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या नियमांत ओग्र हा राक्षस एका फटक्यात सरासरी १३ प्राणगुण हिरावतो. जखम भरण्याचा पहिल्या पातळीचा मंत्र आठ बाजूंच्या एका फाशावर चालतो. त्यात मांत्रिकाच्या कुवतीचे तीन गुण मिळवले तरी सरासरी साडेसातच परत येतात. २०२४ च्या आवृत्तीत फासे दोन झाले, सरासरी बारावर गेली. तरीही राक्षस पुढेच!

परंतु यात दोष शुश्रूषेचा नाही, नियमाचा आहे. या खेळात एकच प्राणगुण उरलेला योद्धा धडधाकट योद्ध्याइतक्याच जोराने तलवार चालवतो. जखमेला किंमत नाही, तेथे मलमपट्टीला कोठून येणार? मग सोबती कोसळेपर्यंत थांबायचे, साठ फुटांवरून मंत्राचा एक शब्द उच्चारून त्याला उठवायचे, तो पुन्हा पडला की पुन्हा उठवायचे. याला म्हणे डावपेच! पूल कोसळल्यावर दुरुस्तीची फाइल हलवण्याची रीत आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिली. तिला डावपेच म्हणण्याचे धाडस मात्र कोणी केले नव्हते.

रामायणात लक्ष्मण रणात पडतो, सुषेण औषधी सांगतो, हनुमान पर्वतच उचलून आणतो. तो प्रसंग युद्धाच्या ऐन मध्यावर आहे आणि कोणत्याही शरवर्षावापेक्षा अधिक लक्षात राहतो, कारण तेथे औषध दूर आहे आणि वेळ थोडा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले, जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि १९४२ साली तेथेच वारले. त्यांच्यापुढचा जखमी एका शब्दाने उठून पुन्हा रणात धावत नव्हता.

तेव्हा सुधारणा मंत्रात नको, जखमेत हवी. प्राणगुण निम्म्याखाली गेले की सूत्रधाराने त्या योद्ध्याचा फटका दुबळा करावा. कोसळून उठलेल्यास थकवा लावावा. मग सोबत्याला वेळीच सावरणारी पाळी वाया गेली, असे कोणी म्हणणार नाही. याने डाव रेंगाळतो, ही हरकत मी ऐकली आहे. चार तास चालणाऱ्या डावात दहा मिनिटे जखमेकडे पाहण्यात गेली, तर बिघडले कोठे?