रांगेची लांबी आणि गरजेची खोली

मंगलकार्याचा बेत ठरला म्हणजे गृहस्थास पहिली चिंता पडते ती पानें किती पडतील ही. निमंत्रणें तीनशें गेलीं म्हणून पानें तीनशें पडतात असें नाहीं, हें कोणताही जुना आचारी सांगेल. अंदाज कमी धरला तर भर पंगतींत यजमानाची लाज जाते; अधिक धरला तर दुसरे दिवशीं शिळें अन्न वांटीत बसावें लागतें. पुण्याच्या उशाशीं पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यांत जे मोठमोठे कारखाने उभे आहेत, त्यांच्या चालकांसही हाच प्रश्न सोडवावा लागतो. फरक इतकाच कीं, तेथें पान वाढून होण्यास महिनेच्या महिने लागतात, आणि अंदाज चुकला म्हणजे केवळ लाज जाऊन भागत नाहीं. अनेक घरांतील चूल मंदावते.

ता. ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, चाकण येथें तयार होणाऱ्या महिंद्र कंपनीच्या ‘एक्सयूव्ही ७००’ या मोटारीची नोंदणी सुरू झाली, आणि ५७ मिनिटांत २५,००० नोंदण्या झाल्या. पुढील वर्षीं ता. ३० जुलै रोजीं, चाकणलाच तयार होणाऱ्या ‘स्कॉर्पिओ-एन’ची नोंदणी उघडली, तेव्हां अर्ध्या तासांतच एक लाखाचा आंकडा गांठला गेला. त्या वेळीं डिसेंबर २०२२ पर्यंत २०,००० हून अधिक गाड्या देण्याचा संकल्प कंपनीनें जाहीर केला होता. म्हणजे पांचांपैकीं सुमारें चौघांनीं नव्या वर्षाची वाट पाहावी, हें पहिल्या अर्ध्या तासांतच ठरून गेलें!

हे आंकडे वाचून पुष्कळांनीं देशाच्या भरभराटीचें अनुमान काढलें. आम्हांस तें घाईचें वाटतें. दोन्ही वेळां पहिल्या २५,००० नोंदण्यांसच आरंभीची कमी किंमत लागू होती, आणि नोंदणीसाठीं भरावयाचे २१,००० रुपये परत मागून घेतां येत होते. ज्या दारावर ‘आधीं येईल त्यास स्वस्त’ अशी पाटी आहे, आणि आंत शिरून परत फिरण्यास दंड नाहीं, त्या दारापाशीं गर्दी उसळली तर त्यांत नवल तें काय? शिवाय एकच मनुष्य दोन कंपन्यांच्या रांगांत उभा राहूं शकतो. जी गाडी आधीं येईल ती तो घेतो आणि दुसऱ्या रांगेंतून मुकाट्यानें निघून जातो. तोंपर्यंत दोन्ही वह्यांत मात्र तो गिऱ्हाईक म्हणून मांडलेला असतो. इच्छा, ऐपत आणि निश्चय या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नोंदणीच्या आंकड्यानें मोजली जाते ती बहुधा पहिलीच.

आतां दुसरी बाजू पाहूं. गाड्या मिळेनात त्याचें मोठें कारण नखाएवढ्या चिपांचा तुटवडा हें होतें. २०२० च्या टाळेबंदींत मोटारींचा खप बसला, तेव्हां जगांतील अनेक मोटार-कारखानदारांनीं चिपांच्या मागण्या रद्द केल्या. त्याच काळांत घरीं बसून काम व अभ्यास करणाऱ्या लोकांकडून संगणक आदि उपकरणांस मागणी वाढली, आणि चिप घडविणाऱ्यांनीं आपलीं यंत्रें तिकडे लावलीं. मोटारींचा खप अपेक्षेहून लवकर परतला. पण सोडलेली जागा परत मिळेना. ही वस्तु सांगितल्यापासून हातीं पडेपर्यंत कित्येक महिने जातात, आणि तिचा नवा कारखाना उभारण्यास वर्षें लागतात. त्यांतच मार्च २०२१ मध्यें जपानांत रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्यास आग लागली. अखेर सप्टेंबर २०२१ मध्यें सुमारें सात दिवस उत्पादन बंद राहील, असें महिंद्र कंपनीस जाहीर करावें लागलें. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आमच्या आज्या सांगत आल्या. पण खणलेली विहीर पाऊस पडला म्हणून बुजवूं नये, हा पुढील धडा या प्रसंगानें शिकविला.

रांगेचा हा अनुभव या भूमीस नवा नाहीं. आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीनें १९७२ सालीं ‘चेतक’ स्कूटर काढली, तेव्हां किती गाड्या बनवाव्या हें गिऱ्हाईक नव्हे, तर सरकारी परवाना ठरवीत असे. त्यामुळें स्कूटरसाठीं दहा दहा वर्षें वाट पाहण्याची पाळी लोकांवर आली. घरांतील निरनिराळ्या माणसांच्या नांवें नोंदणी करून ठेवावी आणि पाळी आली म्हणजे गाडी चढ्या भावानें दुसऱ्यास द्यावी, असाही व्यवहार चाले. ही रांग खरी किती आणि टंचाईनें फुगविलेली किती, हें कोणासच सांगतां आलें नसतें. पुढें परवान्यांचीं बंधनें सैल झालीं, प्रतिस्पर्धी आले, लोकांचें मन मोटारसायकलीकडे वळलें. आणि जिच्यासाठीं दहा वर्षें थांबावें लागे, ती स्कूटर बनविणेंच बंद करण्याचा निर्णय त्याच कंपनीनें डिसेंबर २००९ मध्यें जाहीर केला. विजेवर चालणारी ‘चेतक’ जानेवारी २०२० मध्यें आली. एप्रिल २०२१ मध्यें तिची नोंदणी पुन्हां उघडली आणि ४८ तासांत बंद करावी लागली. रांगा येतात आणि जातात. कोणत्याही रांगेस शाश्वत मानणें धोक्याचें आहे.

हें तत्त्व समजण्यास चाकणच्या लोकांस तरी अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडण्याचें कारण नाहीं. कारखान्यांच्या कितीतरी आधीं हें गांव कांद्याच्या बाजारासाठीं प्रसिद्ध होतें. एक वर्ष भाव चढला कीं दुसऱ्या वर्षीं जो तो कांदाच लावतो, आणि पीक बाजारांत येतें तेव्हां वाहतुकीचा खर्चही सुटत नाहीं. कारखान्यांतही तसेंच घडतें. विक्रेता कमी पडूं नये म्हणून थोडें अधिक मागतो; कंपनी त्यावर आणखी थोडें धरते; सुटे भाग पुरविणारा त्याहून अधिक पोलाद घेऊन ठेवतो. मूळचा लहानसा फुगवटा अशा रीतीनें पायरीपायरीनें वाढत जातो आणि फुटतो तो शेवटच्या पायरीवर.

ती शेवटची पायरी म्हणजे भोसरीचा लहान कारखानदार, ज्यानें वाढत्या मागणीच्या भरंवशावर कर्ज काढून नवें यंत्र बसविलें. आणि रोजावर येणारा कामगार, ज्याचा दिवस भरला नाहीं तर मजुरीही नाहीं. मोठी कंपनी आठवडाभर दार लावूं शकते. खोलीचें भाडें आणि गांवीं पाठवावयाचे पैसे मात्र आठवडाभर थांबत नाहींत. नोंदणीच्या वार्तेंत या माणसाचा उल्लेख कोठेंच नसतो. परंतु अंदाजाच्या चुकीचा पहिला हप्ता तोच भरतो.

आमच्या वाचकवर्गांत या कारखान्यांतील अभियंते, हिशेबनीस, भागधारक आणि गिऱ्हाइकेंही आहेत. चालकांस आमची सूचना अशी कीं, किती जणांनीं नांव घातलें याबरोबरच किती जणांनीं तें मागें घेतलें, हेंही प्रसिद्ध करीत जावें, म्हणजे लहान कारखानदारास आपलें पाऊल बेतानें टाकतां येईल. गिऱ्हाइकांस इतकेंच सांगणें कीं, मोटार असो वा नवा स्मार्टफोन, गर्दी पाहून आपली गरज ठरवूं नये. नांव घालावयाचें तर घेण्याच्या निश्चयानें घालावें. विचार बदलला तर तें त्वरित काढून घ्यावें. पंगतीस येणार नसल्यास यजमानास आधीं कळविण्याची रीत आपल्या घरांतून अजून गेलेली नाहीं. तीच येथेंही पाळावी, म्हणजे झालें.