पाहुणा आणि पर्यटक

मावळातील पावसाळ्याविषयी मराठी वृत्तपत्रांत दोन प्रकारचा मजकूर येतो. ज्येष्ठ सरताच पुरवण्यांतून धुक्याने वेढलेले घाट, हिरवे गालिचे आणि वाफाळता चहा अवतरतो. मग एखादी दुर्घटना घडते आणि दुसरा प्रकार सुरू होतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. अशा वेळी बंदीचे आदेश निघतात, अग्रलेखांतून बेशिस्तीवर कोरडे ओढले जातात आणि चार आठवड्यांनी पुन्हा गालिचे अंथरले जातात. या दोन्ही मजकुरांत मावळात राहणारा माणूस जवळजवळ नसतोच. पहिल्यात तो चित्राच्या कोपऱ्यातील इरले असतो, दुसऱ्यात 'स्थानिकांनी मदतकार्यात भाग घेतला' या वाक्यातील कर्ता.

अलीकडे तिसरा सूर कानी येऊ लागला आहे तो 'संथ प्रवासा'चा. इटलीत १९८६च्या सुमारास झटपट खाण्याविरुद्ध जी चळवळ उभी राहिली, तिचीच ही प्रवासातील बहीण. कल्पना चांगली आहे. मात्र आपल्याकडे ती आली ती जाहिरातीच्या भाषेत: डोंगरउतारावरील बंगला, खाजगी तलाव, 'फक्त तुम्ही आणि शांतता'. शांतता विकत मिळते, असा तिचा मथितार्थ. आमचे मत याहून वेगळे आहे. खोऱ्यात अदबीने हिंडणे म्हणजे ज्याच्या दारात आपण उभे आहोत त्याच्या कामाच्या दिवसांशी आपला प्रवास जुळवून घेणे. ही गोष्ट मावळाला परकीही नाही; तिचा एक जुना दाखला तेथे दगडात कोरलेला आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह आमचे विद्यार्थी पाहतात ते बहुधा वास्तुकलेचा नमुना म्हणून. तेथील लेखांत धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत, वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, हे सांगितले की ते चकित होतात. इतक्या लांबच्या माणसांचे या डोंगरात काय काम, असे विचारतात. घाटवाटेने व्यापार चाले, हे त्याचे उत्तर. परंतु नहपानाचा जावई उषवदात याचा लेख प्रवासाच्या दृष्टीने आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिल्याची त्यात नोंद आहे. वलूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचेच जुने नाव. हे दान पंथाचा किंवा मुळाचा भेद न करता, जे कोणी तेथे वर्षावास करतील त्या सर्वांसाठी आहे. पुढे सातवाहनांच्या अमलातही त्या गावाच्या दानाचा उल्लेख येतो. राजवट बदलली, पाहुणचार चालू राहिला.

वर्षावास म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहणे. हा नियम का झाला, याची कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. पावसाळ्यातही भिक्खू हिंडत राहतात, हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव मारतात, पाखरेसुद्धा या दिवसांत घरटे करून स्वस्थ बसतात, अशी लोकांनी तक्रार केली. ती ऐकून घेण्यात आली आणि नियम झाला. या कथेत आम्हांस आवडते ते हे, की नियमाचे मूळ गावकऱ्यांच्या गाऱ्हाण्यात आहे. हिंडणाऱ्याच्या मनःशांतीचा तेथे प्रश्नच नव्हता.

आता आजचा आषाढ पाहावा. उन्हाळ्यात राब भाजून झालेला असतो, पहिल्या पावसावर रोपे तरारतात आणि मग दोन-तीन आठवड्यांत चिखलणी आणि लावणी उरकावी लागते. घरातील प्रत्येक हात खाचरात असतो. माणसे मिळत नाहीत म्हणून एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने जावे लागते. नेमक्या याच आठवड्यांत, नेमक्या शनिवार-रविवारी, पुण्या-मुंबईची वाहने पवन, नाणे आणि अंदर या तिन्ही मावळांत उतरतात. रस्ता तुंबला की रोपांचे भारे नेणारे वाहन तासभर अडकते. बांधावरून चालणाऱ्याला बांध ही केवळ पायवाट वाटते. तो ढासळला की खाचरातील पाणी निघून जाते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वाकून लावणी करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे न विचारता काढली जातात. पाठ वाकलेली असताना उभे राहून हरकत घ्यायला सवड कोणाला असते?

कोणी वारीचा दाखला देईल: तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला, पावसाच्या तोंडावरच देहूहून निघते. खरे आहे. पण दिंडीची वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, आणि वाटेवरची गावे तिच्यासाठी आधीपासून तयारीत असतात. ती न बोलावता कोणाच्या शेतात शिरत नाही.

पर्यटकालाच सगळा दोष देणे मात्र न्यायाचे होणार नाही. या खोऱ्यांकडून घ्यायचे, ही सवय त्याच्या आधीची आहे. बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे चढली, २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाला. प्रत्येक वेळी मुंबई-पुणे अंतर कमी झाले आणि प्रत्येक वेळी मावळ हा 'मधला' प्रदेश अधिकाधिक मधलाच होत गेला. ज्या भुशीच्या पायऱ्यांवर आज गर्दी लोटते ते धरणसुद्धा रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले. लोणावळ्याभोवतीच्या टाटांच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून वीज निर्माण होऊ लागली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. अंदर मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी तेथील शेते पाण्याखाली गेलीच. पवना धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतक रेंगाळला. त्याच धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे महामार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले.

त्या जलाशयाच्या काठी आज रांगेने तंबू लागतात आणि रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात. जाहिरातींत त्याला 'लेक' म्हणतात. पाण्याखाली काय आहे, हे तंबूत झोपलेल्यांना ठाऊक असावेच असा आमचा आग्रह नाही. पण तंबूवाल्याच्या आजोबांची जमीन कोठे होती, हा एक साधा प्रश्न विचारून पाहावा. गप्पांचा रोख बदलतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना याबाबत एक जवळचा वाटाड्या आहे, आणि त्याला आपण चुकीच्या खणात ठेवले आहे. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) तळेगावात राहिले आणि या खोऱ्यांत वर्षानुवर्षे पायी हिंडले. 'पवनाकाठचा धोंडी' ही तुंगाच्या हवालदारकीचा वारसा जपणाऱ्या धोंडीची कादंबरी. 'माचीवरला बुधा' राजमाचीवर घडते. मुंबईत जीव न रमलेला म्हातारा बुधा माचीवर परततो आणि झाडापाखरांच्या, जनावरांच्या संगतीत राहतो. परीक्षेत या कादंबऱ्यांवर प्रश्न येतो तो 'निसर्गचित्रण' या शीर्षकाखाली, आणि उत्तरात विद्यार्थी धुके, धबधबे, हिरवाई असे शब्द लिहितात: म्हणजे पुरवणीतीलच शब्द. दांडेकरांच्या गद्यात निसर्ग अशा घाऊक नामांनी येत नाही. तेथे झाडाला नाव असते, टेपाडाला नाव असते, आणि ती नावे तेथल्या माणसाच्या तोंडची असतात. नावे कळायला एका जागी पुन्हा पुन्हा जावे लागते, कोणाच्या तरी ओट्यावर बसावे लागते. त्यांची शैली हा त्यांच्या चालण्याचा परिणाम आहे, असे आम्ही म्हणू.

दांडेकरांवर एक आक्षेप घेता येतो आणि तो घ्यावा. त्यांच्या मावळात पैशाची आणि सत्तेची गणिते अंधुक आहेत. माची मुंबईहून इतकी निर्मळ दिसते, की ती मुंबईला काय पुरवते हे नजरेआड होते. राजमाचीच्या वाटेवर निघालेला माणूस लोणावळा सोडताच तुंगार्लीच्या तलावावरून पुढे जातो. बुधाचे डोंगर आणि मुंबईच्या गिरण्या यांच्यातील नाते टाटांच्या तलावांच्या पाण्याने केव्हाच जोडले होते. ही उणीव वाचताना भरून काढता येते. पुस्तक घेऊन उधेवाडीला जाऊन दोन दिवस राहिलेल्या वाचकाला ती आपोआप दिसते.

आता आमच्या मताविरुद्ध जे गंभीरपणे म्हणता येईल त्याकडे वळू. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर कणसे भाजणारी, भजी तळणारी, गाड्या लावायला जागा देणारी कुटुंबे या गर्दीवर वर्षाचा बराच खर्च भागवतात. शांत, जाणकार, मोजके पाहुणे आले तर त्यांची चूल कशी पेटणार? या प्रश्नाला टाळून संथपणाचा उपदेश करणे म्हणजे सुखवस्तू अभिरुचीचा दंभ होय. कुंपणातील महागडी शांतता तर गावाला काहीच देत नाही. तेथे भाजीसुद्धा शहरातून येते, आणि गावातील मुलगी लादी पुसण्यापुरती आत जाते. गोंगाट करणारा पर्यटक निदान गावातील कणीस विकत घेतो. म्हणून नीरवता हा निकष आम्ही मानत नाही. एकवीरेच्या यात्रेला चैत्रात कोळी-आगरी मंडळी वाजतगाजत येतात. त्या ढोलांत आम्हांस अनादर ऐकू येत नाही. ते आपल्या कुलस्वामिनीच्या दारी येतात, पिढ्यान्‌पिढ्या येतात, आणि पुढल्या वर्षी पुन्हा तोंड दाखवायचे आहे हे त्यांना ठाऊक असते. पुन्हा येणाऱ्याला आपोआप थोडे वळण लागते. जो एकदाच येतो त्याला तसे बंधन नसते. प्लास्टिकच्या बाटल्या बहुधा त्याच्याच असतात.

गर्दीचा पैसा वर्षभर वाटला जावा, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. सहा रविवारांत येणारी माणसे बारा महिन्यांत आली, रात्री गावात राहिली, घरचे जेवण पूर्ण दराने जेवली, तर कणसाच्या गाडीवरील बाईला तोटा होईल असे वाटत नाही. यासाठी सरकारने काय करावे याची यादी देण्याचा आमचा अधिकार नाही. लोहगड जुलै २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे. तेथे आता योजना, फलक आणि वाहनतळ येतीलच. लोहगडवाडीच्या माणसांना त्यात कितपत विचारले जाते, एवढे पाहत राहावे लागेल.

आमच्या हाती आहे ती मराठी विभागांची 'वर्षासहल'. महाविद्यालयांत ती जणू अभ्यासक्रमाचाच भाग असल्यासारखी जुलैमध्ये निघते: एक बस, पन्नास विद्यार्थी, दोन धबधबे, एक लेणे, संध्याकाळी परत. ती मार्गशीर्षात न्यावी, असे आम्ही सुचवतो. तेव्हा झोडणी-मळणी उरकलेली असते, लोकांना बोलायला सवड असते, आकाश मोकळे असते आणि डोंगराची हाडे दिसतात, जी पावसात दिसत नाहीत. बस नको, पुणे-लोणावळा लोकल आहे. ती वडगाव, कान्हे, कामशेत अशी थांबत जाते, दुधाचे कॅन चढतात-उतरतात, आणि मावळ ही एक राहती वस्ती आहे हे खिडकीतूनच समजू लागते. पन्नास जणांऐवजी बारा जण न्यावेत. मुक्काम एकाच गावात दोन रात्री असावा. जेवणात जे असेल ते जेवावे. इंद्रायणी भाताची चव घेताना तो वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला, हेही सांगावे, म्हणजे खेडे आणि विज्ञान यांच्यात विद्यार्थ्यांनी मनाशी घातलेले कुंपण थोडे मोडेल. भाव करू नये. देवराईत शिरण्यापूर्वी विचारावे.

आणि वही न्यावी, पण पहिल्या दिवशी ती उघडू नये. मावळात अनोळखी माणसाला ओट्यावरून हाक येते, "पाव्हणं, कुठल्या गावचं म्हनायचं?" शहरी कानाला हा प्रश्न चौकस वाटतो. विचारणाऱ्याला मात्र आपल्याला कोठेतरी बसवायचे असते: कोणाच्या सोयऱ्याचे गाव, कोणत्या रस्त्यावरचे, तिकडे पाऊस किती. आमच्या अनुभवास आलेली गोष्ट अशी, की बहुतेक विद्यार्थी याचे उत्तर 'पुण्याचे' असे देऊन मोकळे होतात. मग पुढचा प्रश्न येतो, "ते झालं, पन मूळचं?" तेथे कोणी अडखळत आजोळचे नाव घेते, कोणी वडिलांना फोन करून विचारते, आणि ओट्यावर चहा येईपर्यंत तासभर सहज जातो.