जुन्या मोटारीचा योगक्षेम

एका वाचकभगिनींचें पत्र माझ्यापुढें आहे. त्यांच्या यजमानांना जुन्या भारी मोटारी स्वतःच्या हातानें दुरुस्त करण्याचा नाद लागला असून, सध्यां तीस वर्षांपूर्वींची एक मर्सिडीज अगदीं थोडक्यांत मिळत आहे. तेव्हां संमति द्यावी कीं न द्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे. ज्याचा सारा जन्म शब्दरूपें आणि धातुरूपें घोकून घेण्यांत गेला, त्याला हें कां विचारावें, असें कोणास वाटेल. परंतु तशीच एक मोटार आमच्या घरीं २०१२ सालापासून नांदत आहे, आणि तिनें मला जो धडा दिला त्याची फी मीं रोख मोजली आहे.

घेणारा माझा पुतण्या. मोटार १९९५ ची, ई-२२०. हिचा मूळ नमुना जर्मनींत १९८४ सालीं निघाला. कारखान्यांतील त्याचें नांव डब्ल्यू-१२४. १९९४ सालीं कंपनीनें टेल्कोच्या भागीदारीनें भारतांत पाऊल ठेवलें, आणि दुसऱ्याच वर्षीं हा नमुना पुण्यांत जोडला जाऊं लागला. आमच्या वहिनी तिला ‘पुणेरी जर्मनीण’ म्हणतात.

जें जवळ नाहीं तें मिळवणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हें क्षेम, असा ‘योगक्षेम’ शब्दाचा विग्रह मीं वर्गांत पुष्कळदां सांगितला. मोटारीच्या बाबतींत हीं दोन जोडीनें चालत नाहींत, हीच सारी गोम आहे. वर्षें लोटतात तशी मोटारीची किंमत उतरत जाते, आणि एके काळीं धनिकाच्या दारींच शोभणारी वस्तु शाळामास्तराच्या पुतण्याच्या आटोक्यांत येते. पण तिच्या सुट्या भागाला मोटारीचें वय कळत नाहीं. तो ज्या तोलामोलाच्या मोटारीसाठीं घडवला गेला, त्याच तोलामोलानें विकला जातो. योग स्वस्त होतो. क्षेम होतें तेथेंच राहतें. भाग मिळत नाहींत, असें मात्र नाहीं. जुन्या मोटारींकरितां ह्या कंपनीनें १९९३ सालीं जर्मनींत फेलबाख येथें स्वतंत्र केंद्रच उघडलें.

म्हणून मोटार पाहण्यापूर्वीं तिचे कागद पाहावेत. सुमारें १९९२ ते १९९५ ह्या काळांतील ह्या मोटारींच्या एंजिनावरील तारांना जें वेष्टन होतें, तें पुढेंमागें निसर्गांत विरून जावें अशा द्रव्याचें केलेलें होतें. हेतु स्तुत्य खरा. परंतु एंजिनाच्या उष्णतेनें तें मोटार वापरांत असतांनाच ठिसूळ होऊन गळूं लागतें, उघड्या तारा एकमेकींस भिडतात, आणि एंजिन अडखळूं लागतें. मग सारा जुडगाच बदलावा लागतो. आमच्या मोटारीच्या पहिल्या मालकानें तो वेळींच बदलल्याची पावती तारखेसह जपून ठेवली होती. हिच्याहून चकचकीत आणि स्वस्त अशी दुसरी मोटार पुतण्यानें केवळ कागद नाहींत म्हणून सोडली, तेव्हां मीं त्याला वेड्यांत काढलें होतें.

आतां माझी फी. २०१९ च्या उन्हाळ्यांत पुतण्या कामानिमित्त कांहीं महिने परगांवीं होता आणि मोटार माझ्या स्वाधीन होती. रेडिएटरमध्यें घालावयाचें कूलंट तो शुद्ध केलेल्या पाण्यांत समभाग मिसळून घालीत असे. पातळी उतरलेली पाहून मीं विचार केला, पाण्याला कसले पैसे मोजावयाचे? आणि विंधनविहिरीचें पाणी ओतलें. पातळी उतरतच राहिली, मी ओततच राहिलों, आणि हें कोणास कळवलें नाहीं. ह्या एंजिनाचें धड बिडाचें आणि डोकें ॲल्युमिनियमचें. कूलंटचें काम नुसतें थंडावा देण्याचें नव्हे. आंतल्या धातूंना गंजूं न देणें हेंहि त्याचेंच काम. तें विरळ झालें कीं धातु झिजूं लागतो, आणि जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. एके दुपारीं वहिनींना साताऱ्यास नेत असतां कात्रजच्या चढावर उष्णतेचा कांटा तांबड्या रेघेकडे सरकूं लागला. तेथेंच थांबावयाचें, तर ‘एवढा चढ संपूं दे’ म्हणून मीं मोटार तशीच रेटली. हेड गॅस्केट गेलें आणि हेड वांकलें.

मिस्त्रींनीं सांगितलेला खर्च मोटारीच्या खरेदीच्या निम्म्याहून अधिक होता. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, विकून टाका ती. घरांत दुसरे खर्च काय थोडे आहेत?” त्यांचें खोटें नव्हतें, घराचें छप्पर त्याच पावसाळ्यापूर्वीं शाकारावयाचें होतें. पुतण्या परत आला, त्यानें सारें ऐकून घेतलें, आणि रागावण्याऐवजीं विचारलें, “काका, पाणी किती दिवस घालत होतां?” तो प्रश्न मला रागाहून अधिक झोंबला. खर्च मीं माझ्या निवृत्तीच्या पुंजींतून दिला; छप्पर ठरल्या वेळीं शाकारलें गेलें. हेडचें काम मिस्त्रींचें. बाकीची सफाई आम्हीं दोघांनीं केली. ज्याला मीं ‘रामः रामौ रामाः’ शिकवलें, तोच मला कोणता बोल्ट कोणत्या क्रमानें आवळावा हें शिकवीत होता.

तेव्हांपासून रविवारची सकाळ मोटारीची. कूलंटची पातळी एंजिन थंड असतांनाच पाहावयाची. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणाऱ्यानें हात भाजून घेतलाच म्हणून समजावें. ब्रेकचें तेल हवेंतील दमटपणा शोषून घेतें, म्हणून मोटार चालो वा न चालो, दोन वर्षांनीं तें बदलावयाचें. हिचा वायपर एकाच हाताचा. फिरतां फिरतां तो कांचेच्या कोपऱ्यांकडे लांबतो. त्याच्या मुळाशीं असलेल्या दांतेरी चक्रांना मृगापूर्वीं नवें ग्रीस मिळालें नाहीं, तर ऐन पावसांत तो रुसतो. मोटारीखालीं शिरतांना नुसत्या जॅकवर कधींहि विसंबूं नये. खालीं भक्कम घोड्या लावल्यावांचून आमच्याकडे कोणासहि आंत जाऊं देत नाहींत.

भगिनींनीं संमति खुशाल द्यावी. मात्र खरेदीइतकीच रक्कम पहिल्या दिवशींच बाजूस काढून ठेववावी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचें नूतनीकरण दर पांच वर्षांनीं येतें, मोटारीची तपासणी होते, आणि आपल्या राज्यांत पर्यावरण करहि भरावा लागतो. तोहि हिशेबांत धरावा. आणि यजमानांना मोटारींतून मिरवण्याची हौस अधिक आहे कीं पाना हातीं धरण्याची, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

आमच्या मोटारीची वही सध्यां पुतण्याच्या मुलीकडे आहे. तेल केव्हां बदललें, रबर केव्हां तपासलें, सारें ती तारीखवार लिहिते. पहिल्या पानावर तांबड्या शाईनें एकच ओळ आहे: “विहिरीचें पाणी घालूं नये,” आणि खालीं कंसांत, “काकाआजोबांसाठीं”.