आधी वाचन, मग डिप्लोमा

5 नोव्हेंबर 2024 रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी शाळेसंबंधीचा एक निर्णयही मतपत्रिकेवर नोंदवला. दहावीत इंग्रजी आणि गणित, पुढे विज्ञान याही विषयाची ‘एमकॅस’ ही राज्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज बारावीनंतर हायस्कूलचा डिप्लोमा मिळणार नाही, अशी अट तिथे 2003 च्या तुकडीपासून लागू होती. सुमारे 59 टक्के मतदारांनी ती रद्द केली. पुढच्या तीन महिन्यांच्या आत ‘नेप’ या राष्ट्रीय चाचणीचे निकाल लागले. 2013 साली चौथीच्या वाचनात राज्यांच्या यादीत 49 व्या जागी असलेले मिसिसिपी आता नवव्या जागी आले होते. तिथली सरासरी 219 होती आणि देशाची 214. देशातल्या सर्वांत गरीब राज्यांत मोडणाऱ्या मिसिसिपीने ही मजल मारली, तर दीर्घकाळ अव्वल राहिलेल्या मॅसॅच्युसेट्सची चौथीची सरासरी 2019 च्या 231 वरून 225 पर्यंत घसरली होती. पहिला क्रमांक तेवढा टिकून होता.

पहिल्या बातमीने परीक्षाविरोधकांना आनंद झाला आणि दुसरीने ‘नापास करा’ म्हणणाऱ्यांना जोर चढला. कारण मिसिसिपीच्या कायद्यात तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याचे कलम आहे. दोन्ही बाजू चुकतात. डिप्लोम्याच्या अटीवर भांडण्याआधी मुलांना वाचायला शिकवण्याची जबाबदारी राज्याने किती पार पाडली, हे विचारायला हवे. ती पार पाडलेली नसेल तर अट ठेवली काय नि काढली काय, किंमत तेच मूल मोजते.

आधी मिसिसिपीवरच्या मुख्य आक्षेपाचे पाहू. हॉवर्ड वेनर यांच्यासारख्या नामवंत संख्याशास्त्रज्ञांनी असा मुद्दा मांडला आहे की, ही प्रगती बरीचशी निवडीतून आलेली आहे. कच्ची मुले तिसरीत अडकवली की चौथीत पोहोचलेल्यांची सरासरी आपोआप वाढते. आक्षेप तर्काला धरून आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. तिसरीत राहिलेले मूल शाळेतून नाहीसे होत नाही. एक वर्षाने तेही चौथीत येते आणि चाचणीच्या नमुन्यात सापडू शकते. पहिल्या एखाद्या वर्षी आकडा फुगेल हे खरे, पण दहा वर्षे चढत गेलेल्या रेघेचा उलगडा त्याने होत नाही. ते मूल वर्षाने मोठे असते आणि त्याचा थोडा फायदा सरासरीला होतो, हे मान्य केलेच पाहिजे. तेवढ्याने चाळीस जागांची चढण पूर्ण होत नाही.

त्याहून भक्कम पुरावा शेजारच्या राज्यात आहे. लुइझियाना 2019 मध्ये चौथीच्या वाचनात पन्नासावे होते, 2024 मध्ये सोळावे झाले. ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध क्रमाने शिकवणे, शिक्षकांचे प्रशिक्षण, वर्गात येऊन मदत करणारे वाचन-मार्गदर्शक ही मिसिसिपीची वाट त्यानेही धरली होती. तिसरीत मागे ठेवण्याची तरतूद मात्र तिथे 2024-25 या शालेय वर्षाच्या अखेरीपासून लागू झाली. चाचणी त्याआधी, 2024 च्या सुरुवातीला होऊन गेली होती. एकाही मुलाला त्या नियमाने मागे ठेवण्याआधी मिळालेले हे यश निवडीचा खेळ कसे ठरेल?

मिसिसिपीतच मागे राहिलेल्या मुलांचे पुढे काय झाले, तेही पाहिले गेले आहे. बोस्टन युनिव्हर्सिटीतून 2023 मध्ये निघालेल्या एका अभ्यासाने दाखवले की, जेमतेम नापास होऊन तिसरीत राहिलेली मुले सहावीत जेमतेम उत्तीर्ण झालेल्यांपेक्षा भाषेत बरीच पुढे होती. त्यांची गैरहजेरी वाढलेली नव्हती. नुसती गरीब घरची मुले घेऊन तुलना केली, तर 2024 च्या चाचणीत मिसिसिपी मॅसॅच्युसेट्सच्याही पुढे जाते. श्रीमंत, सुशिक्षित राज्याची सरासरी आपल्या गरीब मुलांबद्दल काय काय झाकून ठेवते, ते या एका तुलनेत दिसते.

एक उणीव मात्र खरीच आहे. मिसिसिपीत आठवीच्या वाचनाचे गुण चौथीसारखे वाढलेले नाहीत, ते 2013 च्या पातळीजवळच घोटाळत आहेत. देशभर ते घसरत असताना इथे टिकले, एवढेच श्रेय देता येते. शब्द उलगडता येणे ही वाचनाची पहिली पायरी. इतिहास, विज्ञान, भूगोल यांतून शब्दसंपत्ती आणि जगाची माहिती वाढत गेली नाही, तर दहा-अकरा वर्षांचे मूल अक्षरे खडाखडा वाचते आणि मजकुरापाशी अडते. मिसिसिपीचे काम अर्धे झाले आहे. ते अर्धे झाले म्हणून झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे.

आता ‘नापास करा’ म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या सांगण्यात मिसिसिपीचा 2013 चा कायदा म्हणजे एक गाळणी असते, बाकी काही नसते. प्रत्यक्षात त्या कायद्याच्या पोटात गाळणीपेक्षा इतर गोष्टी फार मोठ्या आहेत आणि त्यांची तयारी कितीतरी आधी सुरू झाली होती. उद्योगपती जिम बार्क्सडेल यांनी 2000 साली राज्यातल्या वाचनासाठी 10 कोटी डॉलर दिले. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या कामात दिसले की, शिक्षक घडवणारी महाविद्यालये वाचन कसे शिकवावे हेच धड शिकवत नाहीत. चित्राकडे पाहून, वाक्याच्या ओघावरून शब्द ओळखायला लावण्याची पद्धत अमेरिकेत घट्ट रुजली होती. एमिली हॅनफर्ड यांच्या 2022 च्या ‘सोल्ड अ स्टोरी’ या ध्वनिमालिकेने त्यावर देशभर वादळ उठवले, पण मिसिसिपीने ती वाट त्याआधीच सोडली होती. 2013 ते 2022 या काळात राज्याच्या शिक्षणप्रमुख असलेल्या कॅरी राइट यांनी प्राथमिक शिक्षकांना वाचनशास्त्राचे दीर्घ प्रशिक्षण दिले. कामगिरी सर्वांत कमकुवत असलेल्या शाळांत वाचन-मार्गदर्शक पाठवले. हे मार्गदर्शक तपासणी करून शेरा लिहून जात नाहीत. ते शिक्षिकेशेजारी उभे राहतात, स्वतः धडा घेऊन दाखवतात, तिचा धडा पाहतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. बालवाडीपासून तिसरीपर्यंत मुलाची वर्षातून तीन वेळा छोटी चाचणी होते. मूल मागे पडताना दिसले की पालकांना लगेच कळवले जाते आणि त्याच्यासाठी वेगळी वाचन-योजना लिहिली जाते.

तिसरीच्या अखेरीस परीक्षा येते ती एवढे सगळे झाल्यावर. तिच्यासाठी तीन संधी असतात. अपंगत्व असलेल्या, इंग्रजी नुकतीच शिकू लागलेल्या किंवा आधीच मागे राहून गेलेल्या मुलांसाठी अपवाद आहेत. शेवटी त्याच वर्गात राहतात ती वर्षानुसार शंभरात साधारण सहा ते दहा मुले. या सगळ्या वाचन-कार्यक्रमावर राज्य वर्षाला सुमारे दीड कोटी डॉलर खर्च करते. राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम मोठी नाही, पण ती वर्षानुवर्षे चालू ठेवली गेली.

मागे ठेवण्याच्या कलमाचा काहीच उपयोग नाही, असे म्हणणेही प्रामाणिक ठरणार नाही. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या अभ्यासकांनी 2023 मध्ये अनेक राज्यांचे वाचन-कायदे तपासले. ज्या राज्यांत हे कलम होते तिथे सुधारणा अधिक दिसली, आणि ती मागे न राहिलेल्या मुलांतही दिसली. यातून मला दिसणारा अर्थ असा की, कलमाचा मोठा परिणाम मोठ्या माणसांवर होतो. मूल अडकणार हे ठाऊक असले की मुख्याध्यापक, जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी आणि आईबाप पहिलीपासून जागे राहतात. तो धाक मोठ्यांना असावा. लुइझियानाने तो धाक मुलांवर आणण्याआधीच फळ मिळवले होते.

आणि वयाचे काय? याच लुइझियानात आधीच्या एका काळात चौथी आणि आठवीला परीक्षेवर वर्गोन्नती ठरत असे. त्या मुलांचा पुढे कित्येक वर्षे माग काढणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना आढळले की, आठवीत मागे ठेवलेल्या मुलांत शाळा सोडण्याचे आणि प्रौढपणी हिंसक गुन्ह्यात दोषी ठरण्याचे प्रमाण वाढले. चौथीत मागे राहिलेल्यांत गुन्ह्यांवर तसा परिणाम दिसला नाही. नऊ वर्षांच्या मुलाला जे वर्ष मदतीचे वाटू शकते, तेच वर्ष चौदाव्या वर्षी त्याला शाळेबाहेर ढकलते.

हाच धागा हायस्कूलच्या डिप्लोम्यापर्यंत जातो. शेवटच्या परीक्षेचे समर्थक म्हणतात, अट नसेल तर डिप्लोम्याला अर्थ उरत नाही. पण मॅसॅच्युसेट्सच्याच अनुभवाने त्यांना अडचणीत टाकले आहे. जॉन पापे आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवले की, शहरांतल्या गरीब घरच्या मुलांत गणिताची परीक्षा जेमतेम नापास झालेल्यांचे हायस्कूल वेळेत पूर्ण करण्याचे प्रमाण जेमतेम पास झालेल्यांपेक्षा आठ टक्के बिंदूंनी कमी होते. दोघांच्या गणितात फरक जवळजवळ शून्य. त्याच निकालाने सधन घरच्या मुलांचे काही बिघडत नव्हते, त्यांना पुन्हा बसवण्याची सोय घरात होती. केवळ या परीक्षेमुळे दरवर्षी सुमारे 700 मुलांचा डिप्लोमा अडत होता. त्यांत अपंगत्व असलेली आणि इंग्रजी घरी न बोलणारी मुले मोठ्या संख्येने होती.

मग अट रद्द केली ते बरेच झाले, असे म्हणावे का? नाही. ती रद्द करताना त्या 700 मुलांना आधी वाचायला शिकवण्याची सोय त्या मतपत्रिकेवर नव्हती. डिप्लोम्याचे निकष आता जिल्ह्याजिल्ह्यावर गेले. बोस्टनच्या एखाद्या गरीब वस्तीतल्या शाळेने दिलेला डिप्लोमा आणि सधन उपनगरातल्या शाळेने दिलेला डिप्लोमा यांना एका मापाने मोजणारे राज्याचे साधन गेले. नोकरी देणारा माणूस अशा वेळी शाळेचे नाव पाहतो, आणि ते पाहणे गरीब मुलाच्या विरोधात जाते. राज्याच्या गव्हर्नर मॉरा हीली अट रद्द करण्याच्या विरोधात होत्या. निकाल लागल्यावर नवे निकष सुचवण्यासाठी त्यांना परिषद नेमावी लागली. कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये आपली शेवटची परीक्षा थांबवली, ओरेगनने वाचन-लेखन-गणिताच्या किमान कौशल्यांची अट 2021 पासून स्थगित ठेवली आहे. न्यूयॉर्कही ‘रीजंट्स’ या राज्याच्या परीक्षांची सक्ती टप्प्याटप्प्याने मागे घेत आहे. माप काढून टाकण्याची ही घाई मुलांच्या बाजूची वाटते, पण तिने कमकुवत शाळांची कमकुवतता फक्त दिसेनाशी होते.

इथेही मिसिसिपीचा मार्ग अधिक समंजस आहे. तिथे बीजगणित, इंग्रजी अशा विषयांच्या परीक्षा ठेवल्या गेल्या, पण 2014 पासून नापास झालेल्याला पर्याय दिले गेले: एसीटी या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेतले ठरावीक गुण, किंवा वर्गातले आणि परीक्षेतले गुण मिळून निर्णय. हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण 2013 च्या सुमारे 75 टक्क्यांवरून 89 टक्क्यांच्या आसपास गेले. यातली काही वाढ नियम सैल झाल्याने आली असणार, त्यामुळे या आकड्याचा वाचन-कायद्याचा पुरावा म्हणून उपयोग करू नये. घेण्यासारखी गोष्ट इतकीच: माप राज्यभर एकच ठेवावे आणि ते सिद्ध करण्याच्या वाटा अनेक असाव्यात.

मराठी वाचकाला हा वाद दूरचा वाटू नये. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणून, पुनर्परीक्षेतही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवायचे ठरवले. दुसऱ्या टोकाला, राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने 2024 मध्ये दहावीत गणित आणि विज्ञानासाठी 35 ऐवजी 20 गुणांवर पुढे जाऊ द्यायचे आणि गुणपत्रिकेवर तसा शेरा मारायचा, असा प्रस्ताव चर्चेला आला. आठवीत गाळणी कडक आणि दहावीत सैल. तिसरीत मुलाला वाचता येते का, याची कोणावर बंधनकारक जबाबदारी आहे, याचे स्पष्ट उत्तर या दोन्हींत नाही. 1995 साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांनाच दुसरीचा धडा वाचता आला, पाचवीत 44.8 टक्क्यांना. म्हणजे देशभराचा विचार केला तर पाचवीत पोहोचलेल्या यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा धडाही वाचता येत नाही.

मराठीत क ला काना का शिकलेले मूल कोणत्याही पानावर ‘का’ तसाच वाचते. इंग्रजीच्या अडाणी स्पेलिंगशी झुंजणाऱ्या मिसिसिपीच्या मुलापेक्षा आपल्या मुलाचे ओझे हलके आहे. अडचण जोडाक्षरांची, सरावाची आणि घरची बोली वेगळी असण्याची आहे, आणि तिन्हींवर वर्गातच काम होऊ शकते. तिसरीत मागे ठेवण्याची मुभा शिक्षणहक्क कायद्यात नाही. तिची गरजही नाही. पहिली ते तिसरीत वर्षातून तीन वेळा प्रत्येक मुलाला समोर बसवून वाचायला लावणे, त्याची नोंद पालकांना दाखवणे, आणि ज्या शाळांत निम्मी मुले अडखळतात तिथे मदतीचा माणूस वर्षभर पाठवणे, एवढे राज्याला आज करता येते. माणसे नव्याने शोधावी लागणार नाहीत. गटसाधन केंद्रांत विषय साधनव्यक्ती आहेत, केंद्रप्रमुख आहेत. त्यांचे दिवस माहिती गोळा करण्यात आणि ती ऑनलाइन भरण्यात जातात. त्यांना त्यातून मोकळे करून वाचनशास्त्राचे नीट प्रशिक्षण द्यावे, आठवड्यातले बहुतेक दिवस पहिली-दुसरीच्या वर्गात बसवावे, आणि तालुक्यातली तिसरीची मुले किती वाचू लागली यावरून त्यांच्या कामाचा हिशेब मागावा. दहावीच्या गुणपत्रिकेवर कोणता शेरा असावा, ही चर्चा त्यानंतरच्या दहावीच्या तुकडीसाठी करावी.